पाळकसाहेबांचा पांढरा रुमाल

आपिया या बेटावरच्या शहराजवळच्या त्या चर्चमध्ये रविवारी पाय ठेवायला जागा नसायची. पाळक एटुआले पांढराशुभ्र रुमाल झटकत बाकांमधून फिरत, आणि ज्याच्या अंगात आइतू, म्हणजे भूत, शिरलं असेल त्याचा श्वास कोंडायचा. पाच-सात जण छातीतून शिट्ट्या वाजवत खाली बसत. पाळक त्यांना समुद्रकाठच्या उघड्या झोपडीत तीन दिवस प्रार्थनेला ठेवत. चौथ्या दिवशी माणसं ठणठणीत होत आणि पाळकांच्या दारी भाजलेलं डुक्कर पोचे.

नर्स सेलेपाला हा आइतू भलताच चोखंदळ वाटे. त्याला मासेमार नको, तारोचे कंद लावणारे नकोत, मास्तर तर नकोतच. त्याला फक्त धुण्याची पावडर भरणाऱ्या शेडमधली माणसं लागत. ती कामावर परतली की आठवड्यात तो पुन्हा छातीत मुक्कामाला येई. श्रद्धा कमी पडली, असं पाळक सांगत. सेलेपाची धाकटी बहीण मालिया तिसऱ्यांदा 'मुक्त' झाली होती आणि उद्या पुन्हा शेडमध्ये निघाली होती. मागच्या खेपेला तिचे ओठ निळे पडले होते.

"काम सोड," सेलेपा म्हणाली.

"सोडलं तर मी आइतूला भ्याले असं होईल. ताई, तुला सगळ्यातच खोट दिसते."

शेडची एक रीत होती. फरशीवर सांडलेल्या पावडरीची झाडलोट कामगार घरी नेत, रविवारचे पांढरे कपडे तिनेच झकास निघत. फुकट मिळतंय म्हटल्यावर कोण विचारतो?

त्या रविवारी रुमाल झटकला आणि खिडकीतल्या उन्हात धूळ उडताना सेलेपाला दिसली. ती उठली.

"पाळकसाहेब, रुमाल पाण्यातून काढून आणते. मग झटका."

"हिच्या तोंडून आइतूच बोलतोय," म्हणत पाळकांनी रुमाल तिच्याच तोंडावर झटकला. तिला काही झालं नाही. त्यांनी आणखी जोरात झटकला, आणि त्यांच्याच छातीत शिट्टी वाजली. पाळक होण्याआधी ते त्याच शेडचे मुकादम होते.

श्वास कोंडला म्हणजे आत आइतू, हे शिकवलेलं लोक विसरले नव्हते. दोघांनी पाळकांचे हात धरले, तिसरा भक्तिभावाने त्यांच्या नाकाशी रुमाल झटकू लागला. सेलेपा क्षणभर बघत राहिली. खोटं कशाला बोला, तिला बरं वाटलं. मग तिने रुमाल हिसकावला आणि पिशवीतला दम्याचा पंप त्यांच्या तोंडाशी धरला. पाळकांनी देवाचं नाव घेतलं नाही. त्यांनी दोन्ही हातांनी पंप पकडला.

व्यासपीठामागे रुमालाचा डबा सापडला. त्याच्या तळाशी शेडची झाडलोट होती.

"यात डाग खाणारं एन्झाइम असतं," सेलेपाने सांगितलं. "दाणे पायाखाली चिरडले की त्याची धूळ होते. ती रोज छातीत गेली की काहींचं अंग तिच्यावर उठतं, मग चिमूटभरही पुरते. समुद्रावर ती नसते, म्हणून तिथे बरं वाटतं. झाडलोट घरी नेऊ नका. श्वास कोंडला तर दवाखान्यात या, आणि कोणी भूत म्हणालं तर आधी विचारा, ते एकाच शेडमध्ये का राहतं?"

मालिया रडत होती. "म्हणजे आता मी बरी होणार ना, ताई?"

"नाही," सेलेपा म्हणाली. "पहिल्या वेळीच माझ्याकडे आली असतीस तर थोडक्यात निभावलं असतं. अंग आता ही धूळ विसरणार नाही. शेडपासून लांब राहिलीस तर जगशील."