गोर्चाकोव्हची चाळीस मिनिटं

"काका, तुमचं भाषण दहा मिनिटांत रॅप-अप होईल का? मुलींचा डान्स लेट झालाय, पुऱ्या गार होतायत," मराठी मंडळाचा अध्यक्ष अमित देवदत्तांना म्हणाला.

शैलजाकाकूंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. दहा मिनिटं! अहो, त्यांचा नवरा अकरा वर्षं त्या गोर्चाकोव्हच्या मागे लागला होता! तरुणपणी पुण्यात हौसेनं रशियन शिकला, नोकरी मात्र लागली डेट्रॉइटला, मोटारींच्या ब्रेक्सची. पस्तीस वर्षं ब्रेक्स तपासले आणि निवृत्त झाल्यावर झारच्या या परराष्ट्रमंत्र्याचं मराठी चरित्र लिहायला बसला, डेट्रॉइटजवळच्या ट्रॉय गावच्या थंडीत, बेसमेंटमध्ये, पायांवर रजई घेऊन. ते लोकांसमोर मांडायची ही पहिलीच वेळ. आणि शेवटचीही.

कारण मंगळवारी देवदत्तांच्या घशाचं ऑपरेशन होतं. स्वरयंत्र काढावं लागेल, असं डॉक्टरांनी स्पष्टच सांगितलं होतं. मंडळात हे कुणालाच ठाऊक नव्हतं.

"अहो, मी सांगते त्याला," काकू कुजबुजल्या. "कळलं तर तासभर देतील."

"खबरदार!" देवदत्त घोगऱ्या आवाजात म्हणाले. "कीव करून दिलेली वेळ मला नको."

मग हसतमुखानं अमितकडे वळले. "असं कर, माझी दहा मिनिटंही डान्सला दे. मी जेवणानंतर बोलतो. पण पूर्ण चाळीस मिनिटं."

"डन, काका!" अमितचा जीव भांड्यात पडला.

काकूंनी कपाळावर हात मारून घेतला. जेवण झालं की उरलेला मसालेभात डब्यांत भरायचा आणि पार्किंग लॉट गाठायचा, ही मंडळाची रीतच होती.

"आता काय खुर्च्यांना सांगणार गोर्चाकोव्ह?"

"तोही हरलेल्या देशाचा मंत्री होता, शैलजा. आदळआपट नाही केली त्यानं."

जेवणं उरकली. दोनशेतले जेमतेम वीस जण उरले, तेही डबे भरत. देवदत्तांनी माईक घेतला.

क्रिमियाच्या युद्धात रशिया हरला. काळ्या समुद्रात आरमार ठेवायचीही बंदी आली. गोर्चाकोव्ह गप्प राहिला. युरोप आपसातल्या लढाईत गुंतला, तेव्हा त्यानं राजधान्यांना एक खलिता धाडला: ही बंदी आम्ही मानत नाही. एक गोळी न झाडता समुद्र परत मिळवला.

आवाज दोनदा फाटला. ते पाणी पिऊन पुन्हा उभे राहिले. मसालेभाताचा डाव कुणीतरी हळूच खाली ठेवला. कोट चढवलेलं एक जोडपं परत येऊन बसलं.

अमितच्या मुलीनं, अनिकानं, नऊवारीतच हात वर केला. "सो ही जस्ट वेटेड, आजोबा? हाऊ लाँग?"

"चौदा वर्षं. पण नुसता बसून नाही गं, तयारी करत."

काकूंचा ऊर भरून आला. असा माणूस आपल्या वाट्याला आला! भर सभेत ओरडून सांगावंसं वाटलं त्यांना.

बरोबर चाळिसाव्या मिनिटाला देवदत्त थांबले. टाळ्या वाजल्या, चांगल्या कडकडून.

"सॉलिड, काका!" अमित धावत आला. "पुढच्या वर्षी पार्ट टू! बोलाल ना?"

देवदत्तांनी काकूंकडे पाहिलं, काही बोलू नकोस अशा नजरेनं.

"सगळं लिहून ठेवलंय," ते म्हणाले. "पार्ट टू शैलजा वाचेल."

काकूंनी ताठ मानेनं होकार दिला. माईकचं बटण देवदत्तांनी स्वतःच बंद केलं.