मालिनीताईंची संमती

“ताई, कालेजातनं काय आलं का वो?” गेणूने काउंटरवर कोपर टेकत पुन्हा विचारलं. शेजारी त्याची आरती ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत उभी होती.

“बघतेय, गेणूभाऊ. जरा दम धरा,” म्हणत मालिनीताई माउसचं चाक फिरवत राहिल्या. गाद्यांवर सवलत. केस गळतात का? सिंगापूरची सहल. भोरच्या एसटी स्टँडसमोर ऑनलाइन फॉर्म भरून देणारी ही बाई जेमतेम कापूरहोळपर्यंत जायची, पण तिला सिंगापूरला बोलावणारे रोज नव्याने उगवत.

चूक तशी भल्यासाठीच झाली होती. भाटघर धरणाच्या पाण्यापलीकडच्या वाड्यांवर रेंज नाही. शेळ्यामेंढ्यांमागे हिंडणाऱ्यांकडे ईमेल कुठला असणार? म्हणून मालिनीताई फॉर्ममध्ये बिनदिक्कत स्वतःचाच ईमेल घालत आणि काही आलं की एसटीच्या कंडक्टरकडे निरोप देत. फॉर्मच्या तळाशी बारीक अक्षरांची एक चौकट असे. तीही टिक करून टाकत. ती केली नाही तर फॉर्म अडतो, असं त्यांनी कधीतरी ठरवून टाकलं होतं. त्यामुळे अख्ख्या डोंगराचं टपाल त्यांच्या एकटीकडे येई आणि वर हा जाहिरातींचा ढिगारा.

शेवटी मेल सापडला. नर्सिंग कॉलेजने आरतीला बोलावलं होतं. दाखले घेऊन हजर राहायची मुदत परवाच संपली होती. मालिनीताईंनी लगेच कॉलेजला फोन लावला. जागा पुढच्या मुलीला दिल्याचं पलीकडून अगदी सभ्यपणे सांगण्यात आलं.

मग त्यांनी पुण्याला सौमित्रला फोन केला. त्यांचा हा मुलगा अशाच जाहिराती पाठवणाऱ्या कंपनीत होता, आणि घरात त्याचं कोण कौतुक.

“तुमच्या त्या कचऱ्यापायी एका पोरीचं वर्ष गेलं रे.”

“आई, कचरा म्हणू नकोस. आता सगळ्या कंपन्यांनी मिळून नियम केलेत. संमती घेतल्याशिवाय कुणी पाठवत नाही. मेलखाली तसा शिक्काही असतो.”

“कुणाची संमती?”

“तुझी. टिक तूच केलीस ना?”

फोन ठेवताना त्यांना मुलाचा राग आला, आणि त्याहून जास्त स्वतःचा. त्यांनी बापलेकींना काहीही न लपवता सगळं सांगितलं.

आरती स्क्रीनपाशी सरकली. मग म्हणाली, “काकू, ती चौकट दावा. काय लिवलंय ते वाचा.”

इतक्या वर्षांत मालिनीताईंनी ती ओळ पहिल्यांदाच वाचली. ‘आपल्या व सहयोगी कंपन्यांच्या जाहिराती मिळण्यास मी राजीखुशीने संमती देत आहे.’ त्यांनी टिक न करता बटण दाबून पाहिलं, तर फॉर्म बिनतक्रार पुढे गेला.

“म्या कदी दिली?” आरतीने विचारलं.

“तुझ्या नावानं मी दिली गं. न वाचता.”

त्यांना वाटलं, आता गेणू चिडेल. चिडला असता तर बरं झालं असतं.

“आसं कसं, ताई?” तो समजूत घातल्यासारखा म्हणाला. “तुमी व्हय म्हनलात म्हंजी इचार करूनच म्हनला आसाल. चल आरते, यष्टी निगंल.”

आरतीने काउंटरवर आणून ठेवलेले दाखले उचलले, कोपरे जुळवून पिशवीत घातले आणि मालिनीताईंकडे न बघता ती बापामागे निघाली.