सातवी पिशवी

मी एक जुनी पिशवी आहे. तळहाताएवढी, जाड कॅनव्हासची, पोटात शिशाचे छर्रे भरलेली. माझी शिवण दोनदा उसवली आणि दोनदा पुन्हा घातली गेली. मित्रांनो, माझ्यासारख्या क्षुल्लक वस्तूसाठी एकदा अख्खा विमानतळ खोळंबला होता, हे सांगूनही खरे वाटणार नाही.

माझा जन्म दुसऱ्या महायुद्धाच्या दिवसांत इंग्लंडमध्ये झाला. आम्ही सात बहिणी एका लाकडी डब्यात राहत होतो. आमच्या शेडमध्ये विमानातून उड्या टाकणाऱ्या लाल टोपीवाल्या हवाई डिव्हिजनच्या शिपायांसाठी पॅराशूट बांधली जात. लांब टेबलावर कापड पसरायचे, घड्या घालायच्या आणि घड्या सरकू नयेत म्हणून त्यांच्यावर आम्हाला ठेवायचे. शेवटी आम्हाला काढून घ्यायचे. एखादी आत राहिली, तर दोरांत अडकणार आणि माणूस दगडासारखा खाली येणार. म्हणून संध्याकाळी पिशव्या मोजायच्या, आणि एक जरी कमी भरली तरी त्या टेबलावर दिवसभरात बांधलेले प्रत्येक पॅराशूट सोडून बघायचे, असा नियम होता.

आमच्या टेबलावर मेव्हिस ऑग्डेन काम करत असे. ओल्डहॅमच्या सूतगिरणीतून आलेली, कमी बोलणारी बाई. तिचा नवरा क्लिफ याच डिव्हिजनमध्ये होता. ही डिव्हिजन आफ्रिकेत लढली, सिसिलीत उतरली. तिथे वाऱ्याने कितीतरी जण समुद्रात पडले. उरलेले इंग्लंडला परतले आणि चव्वेचाळीसचा सगळा उन्हाळा नुसते थांबून राहिले. आज निघायचे, उद्या निघायचे, आणि ऐन वेळी हुकूम रद्द. आमच्या मुली बांधत होत्या, सोडत होत्या, पुन्हा बांधत होत्या. त्यांच्या बोटांची साले निघाली होती.

सप्टेंबरातल्या एका शनिवारी कळले की या खेपेला खरेच जायचे आहे. दुपारी बाहेर पॅराशूट न्यायला आलेली लॉरी भोंगा वाजवत होती. मेव्हिसने सोळावे पॅराशूट बांधून दिले आणि ती खुर्चीवर टेकली. त्याआधीच कुठल्यातरी एकात, शेवटच्या घडीखाली, मी राहिले होते. मला अंधार दिसत होता. मला हाक मारता येत नव्हती.

तिकडे शेडमध्ये काय झाले, ते माझ्या बहिणींनी मला मागून सांगितले. मुकादम ग्रिमशॉबाईंनी डबा उघडला.

"सहाच?"

मेव्हिसने टेबलाखाली पाहिले, एप्रनचे खिसे उलटे केले. शेजारच्या टेबलावरच्या मुलीने हळूच आपली एक पिशवी पुढे सरकवली. "घे गं. माझ्या मोजून झाल्यात. कोणाला कळतंय?"

मेव्हिसने ती परत ढकलली. "बाई, एक आत गेलीय. माझ्याच हातून."

"लॉरी गेली, मेव्हिस."

"मग दुसरी बोलवा. हवं तर मी पळत जाते."

ग्रिमशॉबाईंनी डब्याचे झाकण लावले. मग त्या ओरडल्या, "काय बघत बसलात सगळ्या? उठा! टेबलं उचला! विमानतळावर जायचंय!"

विमानतळावर शिपायांना पॅराशूट वाटून झाली होती. प्रत्येकाने आपापल्यावर खडूने नाव लिहिले होते. आतल्या कार्डावर मेव्हिसची सही असलेली सोळा शोधून काढली. अधिकारी कपाळाला हात लावून उभा होता. बदली द्यायला जास्तीची नव्हती. सोडलेले प्रत्येक तिथल्या तिथे पुन्हा बांधायचे होते.

पाचव्यावर खडूने लिहिले होते, 'ऑग्डेन'.

मेव्हिसने ते सोडले. आत मी नव्हते. ग्रिमशॉबाई म्हणाल्या, "हे मी बांधते. तू बाकीची बघ."

"नको. माझ्या माणसाचं आहे."

क्लिफ दोरीपलीकडे उभा होता. त्याला जवळ यायची परवानगी नव्हती. तो तिथूनच ओरडला, "मेव्ह, तू रफू केलेले मोजे अजून टिकलेत! हेसुद्धा टिकेल. सावकाश बांध."

मी अकराव्यात सापडले. त्याच्यावर नाव होते 'हेब्डन'. वॉल्टर हेब्डन नावाचा उंच शिपाई पुढे आला आणि त्याने मला हातात घेऊन वजन बघितले. "अहो बाई, आत काही ठेवायचंच होतं तर सँडविच ठेवायचं!" सगळे हसले. मेव्हिस हसली नाही. वॉल्टरने मला तिच्या तळहातावर परत ठेवले.

रविवारी सकाळी विमाने गेली. हॉलंडमध्ये ऱ्हाइन नदीवरच्या पुलासाठी ती लढाई झाली. दहा हजारांच्या आसपास माणसे तिथे उतरली. नऊ दिवसांनी नदीपलीकडून परत आली ती दोन हजारांहून थोडी जास्त. ऑक्टोबरात मेव्हिसला तार आली. क्लिफ बेपत्ता.

मित्रांनो, त्यानंतरचे वर्ष मला आठवू नये असे वाटते. मेव्हिस कामावर येई, पॅराशूट बांधी आणि प्रत्येकानंतर आम्हाला तीन-तीनदा मोजी. मग मला हातात धरून बसे. "मी चुकले होते," ती पुटपुटे. "एकदा चुकले. त्याचं बांधताना काही दिसत नव्हतं गं, डोळे भरले होते." ती जेवेनाशी झाली. बेपत्ता या शब्दात तिच्यासाठी दोन दरवाजे होते. एकातून क्लिफ चालत येई. दुसऱ्यातून तो आकाशातून कोसळत असे, आणि वरची घडी तिने घातलेली असे.

युद्ध संपले. शेड बंद झाली, टेबले विकली गेली. ग्रिमशॉबाईंनी मला मेव्हिसच्या ओंजळीत ठेवले आणि त्या निघून गेल्या. मी ओल्डहॅमला तिच्या स्वयंपाकघरात राहायला गेले.

एका दुपारी वॉल्टर हेब्डन दारात आला. कैदेतून सुटून आलेला, कोट खांद्यांवरून लोंबणारा. मेव्हिसने चहा ठेवला, पण ओतला नाही.

"एकच सांगा," ती म्हणाली. "त्याचं उघडलं का?"

वॉल्टरने टोपी गुडघ्यावर ठेवली. "तो माझ्या पुढेच होता. उघडलं. सगळ्यात सुरेख उघडलं, बाई. बटाट्याच्या शेतात उतरला आणि मला म्हणाला, बघ, माझ्या बायकोचं काम."

मेव्हिसने डोळे मिटले. वर्षभर आवळलेली तिची मूठ सुटली.

"मग?"

"गुरुवारी गेला. नदीजवळच्या घरात. मी त्याच्या शेजारीच होतो."

उघडले हे ऐकण्यासाठी तिला हेही ऐकावे लागले. एक दरवाजा बंद झाला आणि त्याच्याबरोबर दुसराही. तिने राहिलेला चहा दोन कपांत ओतला. मग तिने विचारले, "तुमच्या तुकडीतले किती होते?"

"बत्तीस गेलो. पाच उरलो."

"माझी एक पिशवी कमी भरली, तर अख्खा विमानतळ थांबवला होता," मेव्हिस म्हणाली. "तुम्ही सत्तावीस कमी भरलात. कोणी काही थांबवलं?"

वॉल्टरने मला टेबलावरून उचलले आणि हातात धरून ठेवले.

उरलेली डिव्हिजन तेव्हा नॉर्वेत शरण आलेल्या जर्मनांची शस्त्रे गोळा करत होती. त्याच वर्षी ती मोडण्यात आली. लाल टोप्या खुंट्यांवर गेल्या. दर सप्टेंबरात वॉल्टर ओल्डहॅमला येत राहिला, पुढे काठी टेकत. मग मेव्हिस गेली, जाताना मला त्याच्या हवाली करून. आता मी त्याच्या खिडकीत असते. सप्टेंबर आला की तो एकटाच चहा करतो, दोन कप काढतो, आणि एक परत फडताळात ठेवतो.

मित्रांनो, माझे एवढेच मागणे आहे. तुमच्या हातून काही राहिले, तर शेजारच्याची पिशवी डब्यात घालून संख्या पुरी करू नका. त्याच क्षणी सांगा, लॉरी निघून गेली असली तरी सांगा. आणि माणसे कमी भरली तर निदान थांबा. मी शिशाची असूनही मला शोधायला सगळे धावले होते.