दत्तक कुटुंब

तेजल कस्तुराबाईच्या खोलीत शिरली की आधी जमिनीवर पेपर अंथरायची. पेपर आमच्या घरचा. त्यावर आपली निळी पिशवी ठेवायची, पिशवीतून साबण आणि टॉवेल काढायची, दारातल्या बादलीवर हात धुवायची आणि मग कुठे कस्तुराबाईच्या दंडाला बीपीचा पट्टा बांधायची. मी समोरच्या ओट्यावर लसूण सोलत हे सगळं बघायची. लसूण संपला तरी बघायची.

तेजल माझ्या मुलाची मुलगी. चिंचवडच्या कॉलेजात नर्सिंग शिकते. या सहामाहीला प्राथमिक आरोग्य हा विषय तिला फोनवरच होता. सकाळी फोन खिडकीत टेकवायचा, त्यात विजयश्री मॅडम दिसायच्या, शिकवायच्या, आणि सांगितलेलं काम मुलींनी आपापल्या गावात करायचं. पहिल्याच आठवड्यात मॅडम म्हणाल्या, प्रत्येकीनं एक कुटुंब दत्तक घ्या. दर आठवड्याला त्या घरी जा, तपासा, काय खातात बघा, काय बदलायचं ते पटवून द्या. तब्येतीत फरक दिसला तरच पास.

मी शेजारीच बसून ऐकत होते. तास संपला तशी उठले, ठेवणीतलं लुगडं नेसले, पलंगावर बसले आणि हात पुढे केला.

"बांध."

तेजल हसली. "तू न्हाई चालत, आजे. नात्यातलं कुटुंब घ्यायचं न्हाई असा नियम हाय."

"मंग कुनाचं घेनार?"

"कस्तुरामावशींचं. विचारून पण आले."

कस्तुराबाई आमची भाडेकरू. चाकणच्या कंपन्यांत शेत गेलं, तेव्हा उरलेल्या तुकड्यावर आम्ही खोल्या बांधल्या. तिसऱ्या खोलीत ती आणि तिचा मुलगा निरंजन राहतात. माणसं लातूरकडची. निरंजन कंपनीत शिफ्टला जातो. बाई वाईट नाही, हे मी कुणालाही सांगेन. पण माझ्या नातीनं तिच्यापुढे उकिडवं बसावं, तिचं पाऊल मांडीवर घेऊन सूज दाबून बघावी, हे मला बघवत नव्हतं.

हीच तेजल तिसरीत असताना माझी मूठ आपल्या चिमुकल्या हातात धरून पाटीवर माझं नाव गिरवून घ्यायची. मला अक्षर आलं ते तिच्यामुळे. अजूनही माझ्याशेजारीच झोपते, अंगावर पाय टाकून. आणि आता तिच्या तोंडी दिवसभर मावशी. मावशींनी गोळी घेतली का, मावशींना चक्कर आली का.

"अगं, अभ्यासाची बाई हाय ती," आमचे घरधनी तात्याबा एकदा म्हणाले. "सवत आल्यासारखी काय बघतीस?"

"मी कुटं बघते? लसूण सोलते."

"एवढ्या लसणात गावजेवण व्हईल की."

तेजलनं कस्तुराबाईला मीठ कमी करायला लावलं, पापड-लोणचं बंद केलं. बीपीचा आकडा उतरला. फोनमधून मॅडम म्हणाल्या, "शाब्बास, मावशी!" तर कस्तुराबाई नव्या नवरीसारखी पदरात तोंड घालून हसली. दुसऱ्या दिवशी नळावर चार बायकांत सांगत होती, "माझी नर्स येनार हाय, मला आवरू द्या बाई लवकर."

माझी नर्स! माझ्या हातातली कळशी भरून वाहायला लागली तरी मला कळलं नाही.

त्याच दुपारी मी स्टीलच्या डब्यात खारातल्या मिरच्या भरल्या आणि तिच्या दारात गेले. माझ्या हातच्या मिरच्यांना अख्खी आळी नावाजते.

"घ्या. कोरडी भाकर घशाखाली उतरते व्हय?"

तिनं डब्याकडं बघितलं, मग माझ्याकडं. "पोरीनं खारट बंद केलंय, आक्का."

"पोरगी कालची. दोन मिरच्यांनी काय व्हतंय?"

तिनं डबा घेतला. संध्याकाळी मी मुद्दाम दारावरून गेले. ती भाकरीला मिरची लावून खात होती. मला बघून तिनं मान हलवली, मी समजले आवडली. डबा संपला की मी तो पुन्हा भरून द्यायची. ती डबा कधी रिकामा पाठवत नसे. कधी धपाटे, कधी शेंगदाण्याची चटणी. तात्याबा बोटं चाटून खायचे आणि माझ्याकडं बघून मिश्यांत हसायचे.

आकडा पुन्हा चढायला लागला. "तेजल, तू नेमकं काय समजावतेस त्यांना?" मॅडमनी सगळ्या मुलींच्या देखत विचारलं. पोरीचं तोंड एवढंसं झालं. मला वाईट वाटलं. पण मनात हेही आलं, की आता मॅडम म्हणतील, दुसरं घर बघ.

तसं काही झालं नाही. कस्तुराबाईच नळावर चक्कर येऊन पडली. निरंजन शिफ्ट टाकून आला, रिक्षात घालून तिला दवाखान्यात घेऊन गेला. दुसऱ्या दिवशी ती नव्या गोळ्या घेऊन परतली, तेव्हा तेजल तिच्या उशाशी बसून राहिली. घरी जेवायलाही आली नाही.

पुढचा तास तेजलनं कस्तुराबाईच्याच खोलीत लावला. मी दारात जाऊन उभी राहिले.

"मावशी, खरं सांगा, खारट काही खाता?" फोनमधून मॅडमनी विचारलं.

"न्हाई, मॅडम."

"तेजल, फडताळ दाखव बरं मला."

तेजलनं फोन हातात घेऊन फडताळावरून फिरवला. पिठाचा डबा, चहा, साखर. मग तो डबा. तिनं झाकण काढलं आणि वास दारापर्यंत आला. आमच्या घरातल्या प्रत्येक भांड्यावर मी दुकानातच नाव घालून घेते. तेजलनं डबा फिरवून वाचलं. सौ. सरुबाई तात्याबा.

"कुणाचा डबा आहे?"

"माझ्या आजीचा," तेजल म्हणाली. दाराकडं तिनं बघितलं नाही.

"पोरीला बोलू नका, मॅडम," कस्तुराबाई उठून बसली. "म्याच खाल्लं. घरमालकीन हायत त्या. न्हाई म्हनलं आन् उद्या खोली सोडा म्हनल्या, तर आमी जावं कुठं?"

मी कधी म्हणाले होते खोली सोडा?

मॅडम म्हणाल्या, "तेजल, अजून महिनाभर हातात आहे. ज्या घरातून हा डबा येतो, त्या घरातही जाऊन तपासून ये."

दुपारी तेजल आली. घासलेला डबा तिनं ओट्यावर ठेवला. मी झाकण उघडून बघितलं. रिकामा. मग ती आत गेली आणि निळी पिशवी घेऊन बाहेर आली. माझ्यासमोर जमिनीवर पेपर अंथरला. पिशवी ठेवली. साबण काढला, मोरीत जाऊन हात धुतले. बोटांच्या बेचक्यांतून, नखांतून, सावकाश. मला हात लावायच्या आधी माझ्या नातीनं आजवर कधी हात धुतले नव्हते.

"हात पुढे करा, आजी."

मी केला. पट्टा आवळत गेला.

"तेजू, रागावलीस व्हय गं?"

"बोलू नका. आकडा चुकतो."

आकडा कस्तुराबाईपेक्षा जास्त निघाला. मीठ कमी, पापड-लोणचं बंद, असं तिनं मला सांगितलं. तेच शब्द, तोच आवाज. मी ते ओट्यावर बसून इतक्यांदा ऐकले होते की तिच्या आधी म्हणून दाखवले असते.

"तेजू, च्या ठेवलाय गं!" तिसऱ्या खोलीतून हाक आली.

तेजल तशीच उठली. पिशवी इथंच, पेपर इथंच, साबण मोरीत. अनवाणी पळत गेली. ओट्यावरून मला दिसत होतं, ती कस्तुराबाईच्या पलंगावर पाय वर घेऊन बसली आणि तिच्याच बशीतून चहा प्यायला लागली.

मी आत गेले. खाराची बरणी उचलली आणि परसात नेऊन रिकामी केली. मग पेपर होता तिथंच परत नीट सरळ केला.

संध्याकाळी पहिला घास घेऊन तात्याबा थांबले. "आमटीत मीठच न्हाई की गं."

"न्हाईच घातलं," मी म्हणाले. "आता रोज असंच. माझा आकडा तिच्या खाली यायला पायजे."