रीसेटनंतरही आठवणारा पोर्ट

मी एक जुना सिरियल पोर्ट आहे, तोही नकली. मित्रांनो, संगणकाच्या पाठीमागे वायर खुपसायला जे भोक असायचं, त्याला पोर्ट म्हणत. मला भोक नाही आणि पाठही नाही. एका संगणकाच्या पोटात सॉफ्टवेअरने दुसरा, न दिसणारा संगणक उभा केला आहे. मी त्याचा पोर्ट.

माझा जन्म फिनलंडमधल्या कोइवुलाम्पी गावचा. तिथल्या पोहण्याच्या हॉलचा बॉयलर चालवणारा प्रोग्रॅम फार जुना, आणि तो ज्या संगणकावर चाले तो मेला. नवा प्रोग्रॅम घ्यायला नगरपालिका तयार नव्हती. तिला हॉलच नको होता. पाणी एकदा जरी गार पडलं तर दाराला कुलूप, असं सभेत ठरूनच गेलं होतं. म्हणून इल्पो क्यार्ना नावाच्या निवृत्त अभियंत्याने मेलेल्या संगणकाची हुबेहूब नक्कल लिहिली, आणि तिच्यात मला.

इल्पोने खऱ्या पोर्टची एक खोडही माझ्यात उतरवली. रीसेट म्हणजे पोर्टला सगळं विसरायला लावणं. हातातलं काम टाकायचं आणि कोरं व्हायचं. खरा पोर्ट सगळं विसरे, फक्त बॉयलरशी कुठल्या वेगाने बोलायचं तेवढं विसरत नसे. जुना प्रोग्रॅम त्याच भरवशावर होता. सकाळी तो एकदाच वेग सांगायचा. मग दर बोलण्याआधी रीसेट करायचा, पण वेगाचं पुन्हा नाव काढायचा नाही.

अशी बरीच वर्षं गेली. बाहेर तळं गोठलेलं असे आणि आत हॉलची राखणदार आउने म्हाताऱ्या बायकांकडून पाण्यात कवायत करून घेई. "हेल्मी, पाय हलव गं, शेवाळ धरेल," असं ती एकीला म्हणे. भिंतीलाही कान असतात. मी तर पोर्ट. कौतुक व्हायचं ते बॉयलरचं. माझं नावही कुणाला ठाऊक नव्हतं.

मग नक्कल सांभाळायचं काम तूक्काकडे आलं. हुशार गृहस्थ, टेबलावर पेन्सिलीसुद्धा उंचीप्रमाणे लावणारा. माझी खोड त्याला खुपली. इल्पोजवळ त्याने हा विषय काढला तो त्याच हॉलच्या सॉनात, म्हणजे घाम काढायच्या वाफेच्या खोलीत, वरच्या बाकावर.

"तुझा पोर्ट रीसेटनंतरही वेग लक्षात ठेवतो. पुसून टाकू का?"

इल्पोला बरंच सांगायचं होतं. पण सॉनात माणसाने देवळातल्यासारखं बसावं, वाद घालू नये, हे त्याला आजोबांनी शिकवलेलं. कपडे घालताना सांगू, असं ठरवून त्याने तापल्या दगडांवर पळीभर पाणी टाकलं आणि तो गप्प राहिला. तूक्काने तो होकार समजला. कपडे घालेपर्यंत गाडी आइस हॉकीवर गेली होती.

दुसऱ्या दिवशी मी सुधारलो. प्रोग्रॅमने वेग सांगितला, मग रीसेट केलं, आणि मी आज्ञाधारकपणे सगळं विसरलो. बॉयलरशी भलत्याच वेगात बडबडलो. त्याला अक्षरही कळेना. हुकूम कळला नाही की विझायचं, या नियमाप्रमाणे तो विझला. जानेवारी होता.

आउनेने तूक्काला फोन केला. पाणी गार पडलंय आणि बायका टॉवेल गुंडाळून उभ्या आहेत, म्हणाली.

"माझ्याकडे सगळं बरोबर दिसतंय," तूक्का म्हणाला.

"बरोबर असेल रे. पण गार आहे."

नगरपालिकेचा माणूस दुपारीच थर्मामीटर घेऊन हजर झाला. एवढी तत्परता त्या कार्यालयाने पूर्वी कधी दाखवल्याचं ऐकिवात नाही. बरोबर कुलूपही आणलं होतं.

संध्याकाळी इल्पो तूक्काकडे धावला. खरा पोर्टच तसा होता, ती चूक नव्हती, असं त्याने सांगितलं.

"मग सॉनात का नाही बोललास?"

"सॉनात?" इल्पो म्हणाला. "सॉनात कोण बोलतं?"

तूक्काने पुसलेली ओळ परत घातली. बॉयलर पेटला. कुलूप मात्र निघालं नाही. आउनेने स्वतःच्या हाताने तलावातलं पाणी सोडून दिलं आणि शिट्टी गळ्यात तशीच ठेवून घरी गेली.

आता रिकाम्या हॉलचे नळ थंडीने फुटू नयेत म्हणून मी बॉयलरशी बोलतो. रीसेट होतो, सगळं विसरतो, वेग तेवढा आठवतो. काम चोख आहे. हेल्मीचे पाय सुजलेत म्हणे.

मित्रांनो, जुन्या वस्तूची खोड मोडायची असेल तर जरूर मोडा. पण त्या खोडीच्या आधाराने कोण उभं आहे, ते आधी विचारा. आणि ज्याला विचाराल तो घामाघूम होऊन गप्प बसला असेल, तर त्याला बाहेर येऊ द्या, अंग पुसू द्या, आणि पुन्हा विचारा.