दीड अंश

"तेल वीज तयार करत नाही," लॅबकाका म्हणाले. "पंधराशे वॅट आत गेले की पंधराशेच बाहेर येणार. तुम्ही त्यात तेल घाला नाहीतर अत्तर घाला."

दुकानदाराने ऑइल हीटरवरचा हात काढून घेतला. गेली वीस मिनिटं तो हा हीटर वीज कशी कमी खातो ते समजावत होता. मागे थांबलेली दोन गिऱ्हाइकं आता त्याच्याऐवजी काकांचं ऐकू लागली होती.

"काका, घ्यायचा नसेल तर राहू द्या. पण माझ्या दुकानात शिकवणी नको."

काकांची मुलगी मान खाली घालून उभी होती. ती खास या खरेदीसाठी दुसऱ्या गावाहून आली होती. आईचे सांधे थंडीत आखडत. घराच्या मागच्या खोलीत सकाळी उठून बसायलाच तिला अर्धा तास लागे. मुलीने वडिलांना फोनवर स्पष्ट सांगितलं होतं की या हिवाळ्यात खोली नीट उबदार झाली नाही, तर मी आईला माझ्याकडे घेऊन जाईन, आणि मग परत पाठवणार नाही. तिला ऑइल हीटरच हवा होता. पैसेही ती भरणार होती. काकांनी विचारलं, घेशील तू, पण दर महिन्याचं बिल भरणार कोण?

दुकानाच्याच जाहिरातीच्या कागदामागे त्यांनी हिशेब मांडला. ऑइल हीटर खोलीतली सगळी हवा तापवणार, आणि ती हवा जुन्या खिडकीच्या फटींतून निघून जाणार. हॅलोजन हीटर हवेच्या नादी लागत नाही, तो समोरच्या माणसाला तापवतो. दोन रॉड, चारशे वॅटचा एकेक. माणूस एक आहे, मग खोली कशाला तापवायची? भौतिकशास्त्राच्या दृष्टीने यात काही चूक नव्हती. त्यांनी हॅलोजन घेतला.

"तुम्हाला आई दिसत नाही, वॅट दिसतात," मुलगी रिक्षात म्हणाली.

काका एकतीस वर्षं कॉलेजच्या प्रयोगशाळेत सहायक होते. प्रत्येक प्रात्यक्षिकाआधी बारा टेबलांवर उपकरणं मांडायची, आणि प्रत्येक उपकरणाभोवती खडूने वर्तुळ काढायचं, म्हणजे पोरं ते सरकवत टेबलाच्या कडेला नेत नाहीत. प्राध्यापक आले, बदलून गेले. अभ्यासक्रम दोनदा बदलला. वर्तुळं तीच राहिली. थर्मामीटर फुटला की जाब त्यांनाच विचारला जाई. निवृत्त होताना त्यांनी बाद झालेला एक थर्मामीटर मागून घेतला. त्यावरच्या साठाच्या पुढच्या रेघा पुसल्या होत्या. मागच्या खोलीत त्यांची गरज पडण्याची भीती नव्हती.

तोच थर्मामीटर आता काकूंच्या पलंगामागच्या भिंतीवर आला. खिडकीच्या फटी काकांनी कागदी पट्ट्यांनी बुजवल्या. हीटरपासून बरोबर एकशेदहा सेंटिमीटरवर खुर्ची ठेवली आणि तिच्या चारही पायांभोवती फरशीवर खडूने वर्तुळं काढली. सकाळी दोन तास, संध्याकाळी दोन तास, एकच रॉड.

काकू पहिले दोन दिवस वर्तुळांत बसल्या. तिसऱ्या दिवशी म्हणाल्या की नडगी भाजते आणि पाठ गोठते. काका म्हणाले, दर वीस मिनिटांनी वळून बस. काकूंनी त्यांच्याकडे असं पाहिलं की दुसऱ्या कुणी विषय तिथेच सोडला असता. काकांनी गजराचं घड्याळ आणून दिलं.

नवव्या दिवशी काका पेन्शनच्या कामाला बँकेत गेले. परत आल्यावर चप्पल काढायच्या आधी त्यांनी दारामागचा मीटर पाहिला. आत गेले तर खुर्ची वर्तुळांबाहेर, हीटरच्या जवळ होती.

"दोन्ही रॉड लावलेस. दुप्पट युनिटं गेली."

काकू मोजे चढवत होत्या. बोटं वळत नव्हती, त्यामुळे वेळ लागत होता.

"मीटरला विचारलंत," त्या म्हणाल्या. "मला विचारलं असतंत, तर मीही सांगितलं असतं."

काका म्हणाले, प्रश्न बिलाचा नाही. मग कशाचा, असं काकूंनी विचारलं. तेव्हा ते म्हणाले, ठरलेली गोष्ट ठरल्यासारखी व्हायला हवी.

"एकतीस वर्षं पोरांची भांडी मांडलीत. आता मला मांडताय."

हे त्या आवाज न चढवता म्हणाल्या. दुसरा मोजा पूर्ण चढवला आणि स्वतःच मुलीला फोन लावला.

मुलगी दुसऱ्या दिवशी दुपारी गाडी घेऊन आली. बॅग भरायला फार वेळ लागला नाही. काका मध्येच म्हणाले की बॅगेचा एक बंद उसवलाय. मुलीने बॅग उचलली. काकू जिना एकेक पायरी उतरल्या. खाली भेटलेल्या दूधवाल्याला त्यांनी उद्यापासून अर्धाच लिटर टाकायला सांगितलं.

"बाबा, आता वीज वाचेल," मुलगी म्हणाली आणि गाडीचं दार लावलं.

त्या संध्याकाळी काकांनी नेहमीच्या वेळी हीटर लावला. समोर रिकामी खुर्ची, एक रॉड, दोन तास. त्याशिवाय थर्मामीटरचं उद्याचं वाचन आधीच्या रोजच्या वाचनांशी ताडून पाहता आलं नसतं, असं त्यांनी स्वतःला बजावलं. मग हीटर बंद केला, दार लोटलं आणि नेहमीसारखे पुढच्या खोलीत झोपले.

सकाळी सहाला थर्मामीटर साडेअकरा अंश दाखवत होता. रोज या वेळी तेरा असायचे.

त्यांनी डोळा पाऱ्याच्या पातळीत आणून पुन्हा वाचलं. साडेअकराच. थर्मामीटर बाहेर सज्जात नेऊन पाहिला, तिथे कालच्याइतकीच थंडी होती, सहा अंश. खिडकीच्या पट्ट्या एकेक करून दाबून पाहिल्या, एकही सुटली नव्हती. हीटर तेवढाच चालला होता, दार तसंच लोटलेलं होतं. मग दीड अंश गेला कुठे?

ते पलंगाच्या कडेवर बसले, आणि बसल्यावर त्यांना कळलं. झोपलेलं माणूस सत्तर-ऐंशी वॅट उष्णता देत असतं, रात्रभर, फुकट. पहिल्या वर्षाच्या पुस्तकातली गोष्ट. जाहिरातीच्या कागदामागे त्यांनी भिंती धरल्या होत्या, खिडकी धरली होती, रॉड धरले होते. तिला फक्त तापवायच्या बाजूला धरलं होतं.

आठ वाजता मुलीचा फोन आला. आई नीट पोहोचली, जेवली, अजून झोपली आहे, एवढंच सांगून ती ठेवणार होती.

"तिकडे किती आहे?" काकांनी विचारलं.

"किती काय?"

"खोलीत. तापमान."



"बाबा, इथे कुणी मोजत नाही," ती म्हणाली, आणि फोन बंद झाला.

काकांनी रोजच्या नोंदींची वही काढली. तारीख लिहिली, युनिटं लिहिली, साडेअकरा लिहिलं. शेवटचा रकाना शेऱ्याचा. वाचन नेहमीपेक्षा वेगळं आलं की त्याचं कारण तिथे लिहायचं असतं. कारण त्यांना माहीत होतं. बराच वेळ पेन्सिल कागदावर टेकवून ते बसले, आणि मग रकाना कोरा ठेवून त्यांनी वही मिटली. एकतीस वर्षांत त्यांनी एकाही पोराला तो कोरा ठेवू दिला नव्हता.