मला भिंतीवर टांगू नका

मित्रांनो, मी एक जुनी मोटरसायकल आहे. जुनी म्हणा, खटारा म्हणा, मला राग येत नाही. कुणी ‘शोभेची वस्तू’ म्हटलं तर मात्र येतो, आणि का येतो तेच आज सांगायचं आहे.

मी शर्यतीत पळणारी गाडी नाही. वेगाचं मला कधी कौतुक नव्हतं. आमच्या खेळाला ट्रायल्स म्हणतात. त्यात ओढ्यातून, शेवाळलेल्या खडकांवरून, गुडघाभर चिखलातून, जवळजवळ माणसाच्या चालीनं जायचं असतं. जाताना पाय जमिनीला लावायचा नसतो. लावला की गुण जातात, आणि ज्याचे सगळ्यांत कमी गुण जातील तो जिंकतो. गुण मोजणारा निरीक्षक तिथंच काठावर उभा असतो. कडाक्याच्या थंडीत नाक पुसत तो फक्त तुमच्या बुटांकडे बघत राहतो.

माझा जन्म बर्मिंगहॅमच्या एका कारखान्यात झाला. आगगाडीनं मी यॉर्कशायरच्या डोंगरांत, थॉर्नबेक नावाच्या खेड्यात आले. विल्फ्रेड सन्टर नावाच्या तरुण मेंढपाळानं मला विकत घेतलं होतं. विल्फ्रेड मनानं चांगला, पण धसमुसळा. खडक आला की तो डोळे मिटून माझा कान, म्हणजे हँडलची मूठ, पिळायचा. मी उसळायचे, तो पडायचा. एका हिवाळ्यात त्याचं गळपट्टीचं हाड मोडलं. माझ्यातच खोट आहे असं त्यानं गावभर सांगितलं आणि मला मेंढ्यांच्या गोठ्यात ढकललं. कोंबड्या माझ्या हँडलवर बसू लागल्या. वय वर्षं एक, आणि मी निकामी ठरले होते.

तिथून मला बाहेर काढलं ते त्याच्या धाकट्या बहिणीनं. तिचं नाव थर्झा. थर्झा उंच, हाडापेरानं मजबूत आणि बोलायला कमी. वरच्या कुरणातल्या मेंढ्या बघायला रोज डोंगर चढून जावं लागे, म्हणून तिनं मला घेतलं. जिप नावाचा कुत्रा माझ्या टाकीवर पुढचे पाय टेकून बसायचा आणि आम्ही तिघं धुक्यातून वर जायचो. तिला मोटरसायकल चालवायला कुणी शिकवलं नाही. मेंढ्यांनी शिकवलं म्हणा हवं तर. मेंढीच्या मागं घाई करून चालत नाही. ती बिथरते, आणि मग दुपारपर्यंत तुम्ही तिच्यामागं फिरत बसता.

पहिल्याच पावसाळी आठवड्यात थर्झानं पाना हातात घेतला. कारखान्यानं मला जसं बनवलं होतं तशी मी तिच्या उपयोगाची नव्हते. तिनं आधी माझा दिवा काढला, मग जाड लोखंडी मडगार्ड, मग लांबलचक सीट. उभ्यानं चालवायची गाडी, तिला सोफा कशाला हवा, असं ती कुत्र्याला म्हणाली. फूटरेस्ट मागं आणि जरा वर घेतले. हँडल उंच केलं. मागचं दातेरी चक्र मोठं बसवलं, म्हणजे पहिल्या गिअरमध्ये मी फट... फट... फट करत मेंढीच्या मागून निवांत चालू शकेन. ओढ्याचं पाणी आत शिरून ठिणगी विझू नये म्हणून मॅग्नेटोला ग्रीस थापून वर सायकलच्या जुन्या ट्यूबची पट्टी ताणून बसवली. इंजिनाच्या पोटाखाली लोखंडी पत्रा ठोकला.

शेवटी टायरमधली हवा सोडली. घट्ट टायर ओल्या दगडावर साबणासारखा निसटतो. मऊ टायर दगडाला कवटाळतो. अंगठ्यानं दाबला की पिकलेल्या नासपतीसारखा आत जायला हवा, हे तिचं माप. त्या दिवशी ओढा चढताना मला पहिल्यांदा खालचा दगड न् दगड कळला. तोवर मी नुसती गाडी होते.

गावच्या क्लबच्या ट्रायलला बायका यायच्या त्या चहाच्या खोपटात. थर्झाही जायची. तिनं एका रविवारी चहा केला, केक कापून ठेवला, भावाचा मेणकापडी कोट चढवला आणि मला घेऊन सुरुवातीच्या रेघेवर जाऊन उभी राहिली. पुरुष हसले. कुणीतरी ओरडलं, ‘‘थर्झा, चहा थंड होतोय.’’

‘‘मग पिऊन टाका,’’ ती म्हणाली आणि किक मारली.

त्या दिवशी आम्ही जिंकलो नाही, पण हसणाऱ्यांपैकी निम्मे आमच्या मागं राहिले. पुढं आम्ही जिंकलोसुद्धा. माझं नाव शेजारच्या खोऱ्यांत पोचलं. लोक वाकून माझे फूटरेस्ट बघायचे आणि घरी जाऊन आपलेही तसेच मागं घ्यायचे.

मग स्पेनमधून हलक्या, बुटक्या गाड्या आल्या. गांधीलमाशीसारख्या गुणगुणायच्या आणि माझ्या निम्म्या वजनाच्या. एका हिवाळ्यात माझ्यासारख्या सगळ्या जड गाड्या गायब झाल्या. विल्फ्रेडनंही तसली एक घेतली आणि बहिणीला सांगितलं, आता हे धूड भंगारात दे. थर्झानं त्याला विचारलं की तुझं लग्न मोडायला आलं होतं तेव्हा मी तुला भंगारात द्यायला सांगितलं होतं का. तो विषय तिथंच मिटला. आमचा नंबर शेवटून मोजायची वेळ आली, तरी आम्ही दर रविवारी येत राहिलो.

वर्षं गेली. जिप गेला, त्याच्यानंतरचे कुत्रे गेले, विल्फ्रेडही गेला. शेती आता त्याचा मुलगा रूबेन बघू लागला. रूबेन सरळ आणि काळजीखोर माणूस. क्लबचा निरीक्षकही तोच. त्याच्याच रानात काळी घळ म्हणून एक ओढा आहे, खोऱ्यातला सगळ्यांत अवघड. त्याच्या काठावर रूबेन दरवर्षी उभा राहायचा. त्यानं सख्ख्या बापालाही कधी एक गुण सोडला नव्हता.

थर्झा सत्तरीला आली आणि तिचा खुबा कामातून गेला. दवाखान्यात तिला नवा बसवला. ती तिकडं असताना रूबेननं जे केलं ते प्रेमानं केलं, हे मला मान्य आहे. त्यानं मला लीड्सच्या एका कारागिराकडं पाठवलं. कारागीर हुशार होता. त्यानं कारखान्याची जुनी चित्रं मिळवली आणि मला अगदी पहिल्या दिवसासारखं केलं. दिवा बसवला. लोखंडी मडगार्ड, लांब सीट, लहान दातेरी चक्र, सगळं मूळ जागी. फूटरेस्ट पुढं आणले. माझ्या अंगावरचा ओरखडा न् ओरखडा भरून काढला. टायर दगडासारखे कडक फुगवले. मी लग्नातल्या केकसारखी चकाकत परत आले, आणि माझ्यात थर्झाचं काहीच उरलं नव्हतं.

थर्झा काठी टेकत गोठ्यात आली तेव्हा रूबेन माझ्या शेजारी उभा होता, लहान पोरासारखा फुललेला. बरोबर गावातल्या खानावळीचा मालक क्लेमंट होता. त्या दोघांचं आधीच ठरलं होतं. मला खानावळीच्या मोठ्या भिंतीवर टांगायचं, खाली पितळी पाटी लावायची, वरून दिव्याचा झोत. क्लेमंटनं भिंतीत आकडे ठोकूनही ठेवले होते. आता आत्याला पडायचं भय नाही आणि गाडीचाही मान राहील, असं रूबेन म्हणाला.

थर्झा माझ्याभोवती एक फेरी फिरली. टायरला अंगठा लावला. तो आत गेला नाही.

‘‘मी हिच्यापेक्षा वयानं मोठी आहे,’’ ती म्हणाली. ‘‘टांगायचंच झालं तर आधी माझा नंबर लागतो.’’

क्लेमंट हसला. रूबेन हसला नाही. तो बराच वेळ बोलला. डॉक्टरांनी काय सांगितलं, हाड पुन्हा मोडलं तर काय होईल, तिला उचलायला डोंगरात कोण असेल. त्याचा आवाज चढला, मग बसला. थर्झानं तोवर कोपऱ्यातला पाना शोधला होता. ती माझा दिवा सोडवायला लागली.

शेवटी रूबेन म्हणाला, ‘‘ठीक आहे आत्या. रविवारी ट्रायल आहे. काळी घळ चढून दाखव. पण पाय एकदा जरी टेकलास, तर ही भिंतीवर जाणार. कबूल?’’

थर्झा काही बोलली नाही. नट घट्ट होता, ती त्याच्याशी झटत राहिली. रूबेननं तो होकार धरला आणि क्लेमंटनंही. पण मित्रांनो, आमच्या खोऱ्यात माणसं अनेक कारणांनी गप्प बसतात. होकार द्यायला बसत नाहीत.

त्या आठवड्यात ती मला पुन्हा घडवत होती. कारागिरानं परत पाठवलेले माझे जुने भाग गोठ्यामागच्या ढिगात सापडले. फूटरेस्ट गंजले होते, ते तिनं कानसून घेतले. हँडल जरा वाकलेलं होतं, ते तसंच ठेवलं, कारण ते तिच्याच पडण्यानं वाकलं होतं आणि हाताला बरोबर बसत होतं. नव्या खुब्याला जमेना म्हणून उजवा फूटरेस्ट किंचित खाली घेतला. मॅग्नेटोला पुन्हा ग्रीस, पुन्हा ट्यूबची पट्टी. सगळ्यांत शेवटी तिनं टायरची हवा सोडली. तो फुस्स आवाज ऐकून मला जे वाटलं ते तुम्हाला कसं सांगू? कुणीतरी माझी घट्ट बांधलेली वेणी सोडली असं वाटलं.

रविवारी पाऊस भुरभुरत होता. काळ्या घळीच्या काठावर अख्खा गाव जमला होता. क्लेमंट ट्रक घेऊन आला होता आणि ट्रकात दोर होता. रूबेन आपल्या जागेवर, घळीच्या मध्यावर काठाला, कॉलर वर करून उभा. थर्झानं काठी बाजूला ठेवली आणि रीतीप्रमाणे आधी पायी जाऊन सगळी घळ बघून आली. बुटाच्या टोकानं एकेक दगड हलवून पाहिला. मग माझ्याकडं आली, किक मारली, आणि आम्ही सुरुवातीला रोवलेल्या दोन खुणांच्या मधून पाण्यात उतरलो.

मित्रांनो, मी तेव्हा घाबरले होते. मला दगडांचं भय नव्हतं, भिंतीत ठोकलेल्या त्या आकड्यांचं होतं. पहिला खडक आम्ही सहज घेतला. दुसऱ्यावर शेवाळ होतं, मी सरकले, तिनं अंग उलट्या बाजूला टाकून मला सावरलं. इंजिन इतकं हळू चाललं होतं की दोन ठोक्यांच्या मध्ये ओढ्याचं पाणी ऐकू येत होतं. मग शेवटची पायरी आली, कमरेइतकी उंच, वरून पाणी सांडत असलेली. माझं पुढचं चाक वर गेलं. मागचं चाक खालच्या फटीत बसलं आणि फिरलं. मी उजवीकडं कलले. नव्या खुब्याच्या बाजूला.

थर्झाचा उजवा पाय सुटला आणि पाण्यात टेकला. सगळ्यांनी पाहिलं. दुसऱ्याच क्षणी तिनं त्याच पायानं दगडाला रेटा दिला, पाय पुन्हा फूटरेस्टवर घेतला, मला थोडीच मूठ दिली, आणि मऊ टायरनं तो दगड पकडला. आम्ही वर आलो.

निरीक्षकानं बोटं वर करून गुण दाखवायचे असतात. रूबेननं हात वर केला. एक बोट.  त्याला हवं ते मिळालं होतं, तरी त्याचा चेहरा उतरला होता.

क्लेमंट काठावरून म्हणाला, ‘‘थर्झाबाई, पाय लागला बरं का.’’

‘‘लागला,’’ थर्झा म्हणाली. इंजिन तिनं बंद केलं नव्हतं. ती रूबेनकडं वळली. ‘‘काय रे, पाय टेकला की किती जातात?’’

‘‘एक,’’ रूबेन म्हणाला.

‘‘आणि थांबलं की?’’

 हा नियम रूबेन आयुष्यभर नवख्या पोरांना घसा ताणून सांगत आला होता. घसरलात, टेकलात, लटपटलात तरी चालू राहा, थांबलात की सगळे गेले.

‘‘पाच,’’ तो म्हणाला.

‘‘मग मला थांबायला कसा सांगतोस? असला नियम कुठल्या ट्रायलमध्ये असतो, ते तरी सांग.’’

 रूबेननं ओल्या बाहीनं तोंड पुसलं. मग म्हणाला, ‘‘आत्या, बाजूला हो. तुझ्यामागं रांग खोळंबली आहे.’’ आणि त्यानं पुढच्याला शिट्टी दिली. क्लेमंट रिकामा ट्रक घेऊन उतारानं निघून गेला.

त्या दिवशी आम्ही खालून दुसरे आलो. थर्झा त्यानंतरही काही हिवाळे मला घेऊन आली. मग एका सकाळी खुब्यानं नाहीच म्हटलं, तेव्हा तिनं मला ढकलत रूबेनच्या दारात नेलं आणि हँडल त्याच्या हातात दिलं. आता रूबेन मला चालवतो. बापासारखाच धसमुसळा आहे, पण शिकतो आहे. थर्झा निरीक्षकाच्या जागी स्टुलावर बसते, मांडीवर घोंगडी घेऊन, आणि भाच्याला एकही गुण सोडत नाही.

मित्रांनो, तुमच्या घरीही एखादं जुनं यंत्र असेल, किंवा एखादं जुनं माणूस. त्याची काळजी घ्या. पण काळजी म्हणजे नुसतं पुसून ठेवणं नव्हे. माझ्या साखळीला तेल द्या, चाकांच्या तारांचे ताण बघा, ग्रीस भरा, आणि मग मला चिखलात घाला. माझ्यावर ओरखडे पडू देत. एक दिवस मी मोडेनही. मोडले तर तिथंच, ओढ्यात, चाकं फिरत असताना मोडेन. तोवर हवा थोडी कमी करा आणि किक मारा. पाणी चढलंय, आणि मला पलीकडं जायचं आहे.